जमिनीवरचं थेटर

काल माझ्या माहेरची, उमरीची गाडी गेली आणि घर रिकामं झालं. शेवटची राहिलेली माझी धाकटी बहीण होती, तीही गेली. निघताना म्हणाली, "ताई, टीव्ही लावत जा गं, तेवढीच सोबत." मी मान हलवली. तिला काय सांगू, आपल्या घरात टीव्ही लावणं म्हणजे केवढा खटाटोप आहे ते. आधी भिंतीवरचं बटण, मग खाली बसून त्या डब्याचं बटण, मग टीव्हीचा रिमोट, मग तुमचा तो तळहाताएवढा कीबोर्ड, मग स्पीकरचा वेगळा रिमोट. कोणतं आधी, कोणतं नंतर, हे फक्त तुम्हाला ठाऊक. मला शिकवा म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "थांब की जरा, अजून सेटिंग चालू हाय."

मी रागावले आहे तुमच्यावर. आधीच सांगून टाकते. तेरा दिवस जो आला तो तुमचं कौतुक करून गेला. ऑफिसातले आले, गल्लीतले आले, मागच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या मुली रडल्या. किती शांत माणूस, कुणाला कधी उणंदुणं बोलले नाहीत, असं सगळे म्हणाले. मी पदराला डोळे पुसत बसले होते आणि मनात म्हणत होते, ह्या शांत माणसानं माझं एक साधं काम कधी केलं नाही. मला माझ्या लग्नाची कॅसेट बघायची होती.

आपलं लग्न तुमच्या गावात, तुमच्या दारात झालं. माझे वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून मुलीकडं करायचं ते तुमच्याकडं केलं. मामांनी आहेर म्हणून नांदेडहून व्हिडिओ शूटिंगवाले हमीदभाई आणले. तुमच्या गावात तेव्हा कॅमेरा कुणी बघितला नव्हता. त्या झगझगीत दिव्याभोवती सगळं गाव गोळा झालं होतं म्हणतात. म्हणतात असंच म्हणावं लागतं, कारण मी काही बघितलं नाही. मान वर करायची नाही अशी आमच्या आजीची तंबी होती. मुंडावळ्या, त्यावर पदर, आणि खाली माणसांचे पाय. स्वतःच्या लग्नात मी फक्त पाय बघितले.

कॅसेट मामांकडून माझ्या माहेरी गेली. उमरीत भाड्यानं व्हीसीआर आणून सगळ्यांनी बघितली, तेव्हा मी सासरी होते. सासरी तरी किती दिवस राहिले? तुमची बदली लातूरला झाली आणि आपण भाड्याची खोली घेऊन इकडं आलो. सणासुदीला गावी जायचे तेव्हाही डोक्यावर पदर आणि चुलीपुढं तोंड. तुमच्या भावकीतली माणसं मला नावानिशी कधी नीट कळली नाहीत. अजून नवी नवरी आहे, होईल ओळख हळूहळू, असं सगळेच धरून चालले होते.

मग भूकंप झाला. गणपती बोळवायला तुम्ही गावी गेला होतात आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी होती म्हणून त्याच दिवशी परत आला होतात. आपली खोली हलली, भिंतीला तडा गेला, आपण बाहेर पळालो आणि वाचलो. उजाडल्यावर तुम्ही मिळेल त्या जीपनं गावाकडं गेलात. परत आलात तेव्हा अंगावर तोच शर्ट होता. मी पाणी दिलं. तुम्ही म्हणालात, "कोणी न्हाई." माय, बाबा, थोरले दादा, वहिनी, त्यांची लेकरं. त्यानंतर ह्या विषयावर तुम्ही माझ्याशी पूर्ण वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही.

बोलला नाहीत, पण घरातल्या वरच्या सगळ्या वस्तू खाली आल्या. स्वयंपाकघरातली मांडणी काढून डबे जमिनीवर आले. पलंग भिंतीपासून लांब सरकला. डोक्यावर काही जड ठेवायचं नाही, टांगायचं नाही, हा आपल्या घरचा कायदा झाला. आपलं घर बांधलं तेव्हाही वर पत्रेच घातलेत. पुढं लातुरात कोचिंगचा सुकाळ आला. आपल्या गल्लीत एकेकानं मजल्यावर मजले चढवले, हॉस्टेलं काढली, मेस काढल्या. लोक तुम्हाला म्हणायचे, साहेब, तुमचा प्लॉट सोन्याचा आहे, स्लॅब टाका. तुम्ही मागच्या अंगणात पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि तिथं मुली ठेवल्या, बिलोलीच्या, जळकोटच्या, कुठल्या कुठल्या. चारी बाजूंनी इमारती आणि मध्ये आपलं बुटकं घर. दुपारी बाराला आपल्या अंगणात सावली असते ती शेजाऱ्यांची, असं मी चिडवायचे. तुम्ही हसायचात, पण स्लॅब काही टाकला नाहीत.

तुम्ही रिटायर झालात आणि उमरीहून माझ्या भावानं ती कॅसेट आणून दिली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोरा गुंडाळून. मी आनंदले. म्हटलं, आता तरी बघू. तुम्ही ती हातात घेऊन उलटीपालटी केलीत आणि म्हणालात, "बुरशी धरलीय. नांदेडला न्यावी लागंल."

नांदेडची ती फेरी माझ्या फार आवडीची आहे. हमीदभाईंचं दुकान आता मुलगा चालवतो, पण जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम अजून ते स्वतःच करतात. त्यांनी तुम्हाला लगेच ओळखलं. "साहेब, तुमच्या अम्मीनं मला वऱ्हाडाच्या आधी जेवाय बसवलं हुतं. म्हणल्या, हे लेकरू लांबून आलंय, उपाशी कसं काम करंल." तुम्ही खाली मान घालून काउंटरवरची काच पुसत बसलात. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. चित्र बरंचसं निघालंय, मध्ये मध्ये पट्टे आहेत. "आणि साहेब, आवाज हाय. अम्मीचा आवाज साफ आलाय."

त्या फोननंतर तुम्हाला थेटरचं वेड लागलं. लग्न मोबाइलवर बघायचं नाही, लॅपटॉपवर बघायचं नाही. घरातच थेटर करायचं, मोठा टीव्ही, नीट आवाज, आणि त्याला जोडायला एक छोटा कॉम्प्युटर. पुण्याहून पोरगा फोनवर समजावून थकला. "बाबा, पेन ड्राइव्ह टीव्हीला लावा, झालं." तुम्ही म्हणालात, "तुला न्हाई कळायचं." परत नांदेडला गेलो. हमीदभाईंच्या मुलानं चार डबे पुढं ठेवले. मोठा घेतला तर पुढं हवं ते वाढवता येतं, पण आत पंखा आहे. छोटा घेतला तर पंखाच नाही, गप असतो, पण तापतो. तुम्ही चारही डब्यांना आळीपाळीनं कान लावून बघितलेत. दुकानात गिऱ्हाइकं हसायला लागली. मी बाजूला सरकून उभी राहिले, जणू ह्यांची माझी ओळख नाही. हमीदभाई म्हणाले, "भाभी, पंख्याचा नको. हळू आवाजाचा सीन आला की घर्र घर्र करून राहतो." तेवढ्यावर निकाल लागला. बिनापंख्याचा, जेवणाच्या डब्याएवढा कॉम्प्युटर आपण मांडीवर ठेवून एसटीनं लातूरला आणला. तुम्ही तो मला धरूसुद्धा दिला नाहीत.

आणि तो तापलाच. आपल्याकडचा मे महिना. कूलर होता, पण कूलरला घालायला पाणी कुणाकडं होतं? पिक्चर रंगात आला की डबा गपकन बंद. शेवटी तुम्ही माझी गरम पातेली ठेवायची आडणी पळवलीत, तिच्यावर तो ठेवलात, खालून हवा लागायला लागली आणि बंद पडायचा थांबला. तुम्ही ही गोष्ट पोराला फोनवर तीनतीनदा सांगितलीत. मी मात्र गरम पातेलं ओट्यावर कशावर ठेवू, हे तुम्हाला कधी सुचलं नाही.

टीव्ही भिंतीला टांगायला माणूस आला. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि टीव्ही खाली ठेवायला सांगितलंत. तो म्हणाला, काका, मागचे दोन स्पीकर तरी कानाच्या उंचीवर लावू द्या, नाहीतर मजा नाही. "न्हाई. समदे खालीच." मग खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर, मध्ये एक, आणि घुमणाऱ्या आवाजाची ती मोठी पेटी, सगळं फरशीवर. मी म्हटलं, "कानाला नाही, पायाच्या बोटांनाच ऐकू यायचं सगळं." तुम्ही म्हणालात, "मग खाली बसून बघू." आणि खरंच सतरंजी अंथरलीत. माझा गुडघा दुखतो म्हणून माझ्यासाठी तेवढा बुटका पाट केलात, त्याला कापूस भरून गादी शिवून आणलीत आणि स्वतः त्याच्या डावीकडं बसायला लागलात. वायरीत माझा पाय अडकू नये म्हणून सगळ्या वायरी सतरंजीखालून नेल्यात. हे मी विसरले नाही. रागावले आहे म्हणून काय हे विसरेन होय?

त्या रविवारची गोष्ट मी आल्यागेल्या कुणाला सांगितली नाही. मी कणीक मळत होते. तुम्ही बाहेरच्या खोलीत आवाजाची पेटी पहिल्यांदाच पूर्ण वाढवून बघत होतात. कसलातरी ढगांच्या गडगडाटाचा नमुना होता. आधी पायाखाली काहीतरी घुमलं. मग जमिनीवरचे स्टीलचे डबे थरथरले, एकाचं झाकण पडलं, वर पत्रा वाजला. तुम्ही धावत आत आलात, माझं मनगट धरलंत आणि मला ओढत रस्त्यावर आणलंत. अनवाणी. माझे दोन्ही हात कणकेचे. समोरच्या घरातले म्हातारा-म्हातारी आपल्याला पळताना बघून तेही बाहेर आले, त्यांच्या मागं त्यांची सून पोराला काखेत मारून. आपण सगळे रस्त्याच्या मधोमध उभे, वर बघत, आपापल्या भिंतींकडं बघत. हॉस्टेलांच्या गॅलऱ्यांतून पोरं वाकून बघत होती. आपल्या मुली पुस्तकात बोट घालून दारात आल्या. "काकू, काय झालं? कुणी आलंय का?" त्यांना काही समजलंच नाही. त्या जन्मल्याच नव्हत्या तेव्हा.

आणि आपल्या घरातून गडगडाट चालूच होता. मग पाऊस पडायचा आवाज. मग एक बाई इंग्रजीत काहीतरी म्हणाली. तेव्हा तुम्हाला उमगलं. आधी समोरची म्हातारी हसली, मग सगळेच हसलो, मी तर कणकेच्या हातानं तोंड झाकून हसले. तुम्हीही हसलात. पण माझं मनगट सोडलं नव्हतंत. घरात येईपर्यंत सोडलं नाहीत. संध्याकाळी भूक नाही म्हणालात, आणि दुसऱ्या दिवशी ती पेटी माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पलंगाखाली सारलीत.

त्या दिवसापासून आवाजाचं काही जमेना. जेव्हा विचारावं तेव्हा तुम्ही वायरी काढून बसलेले. आज डावीकडचा खरखरतोय, आज चेहरे हिरवे दिसून राहिलेत, आज ओठ आधी हलतात आणि आवाज मागनं येतो. बाकी सगळं मात्र त्यावर चालायचं. क्रिकेट चालायचं. माझे जुने पिक्चर चालायचे, खालची अक्षरं मला दिसावीत म्हणून तुम्ही मोठी करून ठेवलीत. कुणाच्या कुणाच्या हिमालयाच्या सहली आपण बघितल्या. रोज आधी मला विचारायचात, "तुला काय बघायचंय?" मी म्हणायचे, "लग्न." तुम्ही म्हणायचात, "ते सोडून."

एकदा मी चिडलेच. म्हटलं, "तुम्हाला बघायचंच नसेल तर तसं सांगा. उगाच वायरींच्या नावानं बिलं फाडू नका." तुम्ही बराच वेळ त्या छोट्या कीबोर्डवरचा धूळ नसलेला कोपरा पुसत राहिलात. मग म्हणालात, "मायचा आवाज हाय गं त्यात. मी इसरलो तो. कसा हुता ते आठवून आठवून बघतो, येतच न्हाई. आता एकदाच ऐकायचा, तर नीट आला पायजे."

पण माझं म्हणणं तेव्हाही संपलेलं नव्हतं, आजही नाही. मला फक्त आवाज नको होता हो. मला तुम्ही शेजारी बसायला हवे होतात आणि एकेका माणसावर बोट ठेवून सांगायला हवं होतंत. हा कोण, ही कोण, हिचं आणि मायचं पटायचं का, ह्या काकानं तुम्हाला विहिरीत ढकलून पोहायला शिकवलं तो हाच का. मी सून होते त्या घरची. ज्यांची सून झाले त्यांची तोंडं मी कधी नीट बघितली नाहीत, आणि बघायच्या आधी ती गेली. त्यांना ओळखणारं माझ्या घरात एकच माणूस होतं. तुम्ही म्हणालात, "सांगतो की समदं. ह्या पोरींची परीक्षा होऊ दे." आपल्या गल्लीत परीक्षा कधी संपतात? एक बॅच गेली की दुसरी गाद्या घेऊन दारात. आपला पोरगा बारावीला होता तेव्हा आपण केबल काढून टाकलं होतं, आठवतं? म्हटलं होतं, दोन वर्षांचा प्रश्न आहे. त्यानंतर प्रत्येक वर्षी आपल्या घरात कुणाची ना कुणाची बारावीच चालू राहिली.

आणि मग त्या सकाळी तुम्ही फिरायला जायला म्हणून उंबऱ्यात बसून बूट घालायला लागलात, आणि वाकलेले उठलाच नाहीत. मी आतून विचारलं, "येताना कोथिंबीर आणाल का?" उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं. तेही राहूनच गेलं.

पोरगा म्हणतो, पुण्याला चल. म्हणतो, ते सगळं जुनं झालंय, विकून टाकू. मी म्हटलं, अजून नाही. हमीदभाई नांदेडहून आले होते. एवढ्या वयात एसटीनं. दारात बसले, मग म्हणाले, "भाभी, साहेबांनी बघितलं का ते?" मी नाही म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. जाताना विचारलं, "लावून देऊ का तुम्हाला?" मी तेही नको म्हटलं. ते म्हणाले, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावात अजून तुमच्या गावची माणसं हायेत, त्यांना दाखवा, ती वळखतील. नेईन की. एक दिवस डबा पिशवीत घालून नेईन. ती माणसं नावं सांगतील, हा अमक्याचा, ही तमक्याची. पण तुम्हाला लहानपणी कुणाची भीती वाटायची, कुणाच्या कुशीत तुम्ही झोपायचात, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

आज चार वाजता मुली क्लासला गेल्या. घरात कुणी नव्हतं. मी खाली बसले आणि सगळी बटणं दाबली. उलटीसुलटी दाबली असणार, कारण आधी निळं दिसलं, मग काळं, मग तुमचा तो हिमालय. तुमचे स्पीकर काही चालू झाले नाहीत. पण तुम्ही फाइलला सरळ "लग्न" असंच नाव दिलेलं होतं. आवाज टीव्हीतूनच आला. स्वच्छ आला हो. काहीसुद्धा सेटिंग लागत नव्हतं.

तुम्ही किती बारीक होतात. फेटा कानावर आलेला, आणि कॅमेऱ्याकडं बघून सारखे हसू दाबताय. मी नाहीच, नुसता पदराचा ढीग. मांडवात इतकी माणसं, इतकी लेकरं, कुत्रंसुद्धा एक मधूनच जातं. मी कुणालाच ओळखत नव्हते. मग बाजूनं एक आवाज आला, जाडसर, घाईचा, "अरं, त्या पोरीला कुणीतरी पाणी द्या की! सकाळधरनं घसा वाळला असंल तिचा." पडद्यावर त्या दिसल्याच नाहीत, पण मी ओळखलं. मायच त्या. तुम्ही एवढं सगळं ज्याच्यासाठी मांडलं होतंत, तो आवाज माझ्याबद्दल बोलत होता.

तांब्या घेऊन एक बाई आली. हिरव्या लुगड्यातली, तरणीताठी, समोरचा एक दात किंचित पुढं. तिनं माझ्यापुढं बसून पदर जरासा वर केला, पेला तोंडाला लावला आणि मी पिऊन होईपर्यंत हनुवटीखाली हात धरून बसली, दुसऱ्या कुणाला दिसू नये अशी आड होऊन. ते पाणी मला आठवतं. इतक्या वर्षांत दुसरं काही आठवत नसलं तरी ते आठवतं. ती उठली, कॅमेऱ्याचा दिवा डोळ्यावर आला तशी लाजली, आणि तोंड भरून हसली.

मी डावीकडं वळून विचारलं, "अहो, ही कोण?"